ओढ्यावरची एक फरशी आणि पावणेपाच वर्षं

आमचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्याच्या शिवेवर आहे. शिवेच्या कुठल्या अंगाला ते सांगत नाही, तालुकाही सांगत नाही, कारण मला त्याच गावात राहायचंय आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातले निम्मे लोक रोज सकाळी डेअरीत दूध घालायला येतात. मी तिथं हिशेब बघतो. फॅट, एसएनएफ, दहा दिवसांचं बिल, कपात. कागदाची भीती नाही, आणि त्याच फुशारकीत हे काम अंगावर घेतलं म्हणा ना.

काम काय, तर ओढ्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. गावठाण ओढ्याच्या अलीकडं, आमची वस्ती पलीकडं, साठ-पासष्ट घरं. मधे सिमेंटच्या नळ्या घालून केलेली जुनी फरशी होती, ती २०१९ च्या ऑगस्टात वाहून गेली. त्याच आठवड्यात सांगली पाण्याखाली होती, कराडात पाणी घुसलं होतं, त्यामुळं आमच्या फरशीकडं बघायला कुणाला वेळ नव्हता आणि ते बरोबरच होतं. आम्ही वर्गणी काढून मुरूम टाकला, दोन नळ्या सरळ केल्या, म्हटलं दिवाळीपर्यंत होईल काहीतरी. दिवाळीच्या आधी विधानसभेची आचारसंहिता, मग निकाल, मग सरकार कुणाचं हेच महिनाभर ठरेना, मग कोरोना. पावसाळ्यात शाळेची पोरं खांद्यावर घेऊन ओढा पार करायचा आणि उसाची ट्रॉली पाच किलोमीटरचा वळसा घालून न्यायची, हे हळूहळू सवयीचं होऊन गेलं. सवय फार वाईट.

आमचे अण्णा म्हणायचे, "कागद नको रंगवत बसू, माणूस बघ." मला ते तेव्हा मागासलेपणाचं वाटायचं.

पहिल्यांदा ग्रामपंचायतीत गेलो तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात भाऊसाहेबच) मला बसवून पैशाचं गणित सांगितलं, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं गावात राहून मला त्यातलं काही माहीत नव्हतं. केंद्राकडनं येणारे १४ व्या वित्त आयोगाचे पैसे थेट सगळेच्या सगळे ग्रामपंचायतीला यायचे. १५ व्या आयोगापासून ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. आणि ग्रामपंचायतीच्या वाट्याला जे यायचं त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं हात लावायचा नाही. आमच्या गावाला वर्षाला पंधरा-सोळा लाख. बंधित सोडले की राहिले सहा-साडेसहा. ते चार वॉर्डांत वाटायचे, कारण कुठलाच मेंबर आपला वॉर्ड कोरडा ठेवू देत नाही. म्हणजे वॉर्डाला दीड लाख. आणि फरशीचं इस्टिमेट, शाखा अभियंत्यानं नुसतं ओढ्याच्या काठावर उभं राहून अंदाजानं सांगितलेलं, अठ्ठावीस लाख.

भाऊसाहेब म्हणाले, "वरनं आणावं लागंल."

हे 'वरनं' म्हणजे काय ते मी पुढची चार वर्षं शिकत होतो. वर तीन-चार नळ आहेत. एक जिल्हा नियोजन समिती, तिचा अध्यक्ष पालकमंत्री. दुसरा आमदार फंड, वर्षाला आधी चार कोटी होता तो २०२२ मध्ये पाच कोटी झाला. तिसरा ग्रामविकास खात्याचा, ज्याला गावात कुणीही पूर्ण नावानं ओळखत नाही, नुसतं 'पंचवीस पंधरा' म्हणतात, ते त्याचं लेखाशीर्ष, २५१५. आणि चौथा जिल्हा परिषदेचा, त्यात थोडा सेस (परिषदेचा स्वतःचा पैसा) आणि बाकी रस्त्याच्या लेखाशीर्षाचं, ३०५४ चं. यातल्या कुठल्याही दारात अर्ज घेऊन गेलं तर अर्जावर शिक्का मिळतो. पत्र घेऊन गेलं तर फाईल होते. पत्र म्हणजे लेटरहेडवरची शिफारस. आता लोकप्रतिनिधीनं शिफारस करण्यात वावगं काही नाही, त्यासाठीच तर निवडून देतो आपण. पण पत्र देण्याआधी समोरचा एकच प्रश्न विचारतो, वस्ती कुणाची?

आमची वस्ती खालच्या आळीच्या गटाची. म्हणजे कुणी ठरवून नाही झालं, आमच्या आजोबांच्या काळात पाणी सोसायटीवरनं भांडण झालं होतं तेव्हापासून आम्ही खालच्या आळीबरोबर. वरच्या आळीचा गट तालुक्यातल्या एका नेत्याला मानतो, खालच्या आळीचा दुसऱ्याला. हे दोन नेते वेगवेगळ्या पक्षात. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही, एवढ्या वर्षांत त्यांनी अदलाबदलही करून झाली आहे. कायद्यानं ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, कपबशी-छत्री-शिट्टी असलं काहीतरी घेऊन पॅनेल उभी राहतात, म्हणून शहरातल्या लोकांना वाटतं गावात पक्ष नसतो. अहो पक्ष खाली असतोच, नाव फक्त वेगळं असतं. दूध संघ, सोसायटी, कारखान्याचा ऊसतोड प्रोग्रॅम, सगळ्याला तोच रंग. तोडीची चिठ्ठी कुणाला आधी येते यावरनं माणूस कुठल्या गटाचा ते मी डेअरीत बसून सांगू शकतो.

जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. यावेळची गंमत अशी की सरपंचपदाचं आरक्षण मतदान झाल्यावर काढायचं ठरलं होतं. त्याआधी २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा होता, तो २०२० मध्ये नव्या सरकारनं काढून टाकला आणि पुन्हा मेंबरांनी सरपंच निवडायचा असं आलं, मग २०२२ मध्ये पुढच्या सरकारनं परत थेट सरपंच आणला. म्हणजे मुंबईत सरकार बदललं की आमच्या चावडीत सरपंच निवडायची पद्धत बदलते. आमच्या गावात अकरा मेंबर. वरच्या आळीचे सात आले, खालच्या आळीचे चार. वरच्या आळीनं गुलाल उधळला, डीजे लावला, तात्यांनी (वरच्या आळीचे कर्तेधर्ते) सरपंचपदासाठी पुतण्याचं नावही ठरवलं. पंधरा दिवसांनी सोडत निघाली. अनुसूचित जाती महिला. आणि अकरात तशी एकच बाई, ती आमच्या चारातली.

गावात दोन दिवस सन्नाटा होता बघा. सात मेंबर असून सरपंच दुसऱ्यांचा. आमच्याकडच्या लोकांना इतका आनंद झाला की त्यांना वाटलं आता फरशी झालीच. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. सरपंचताई अंगणवाडी मदतनीस म्हणून काम केलेल्या, राजीनामा देऊन उभ्या राहिलेल्या, आणि माणूस म्हणून एकदम स्वच्छ. पहिल्याच महिन्यात मला म्हणाल्या, "भाऊ, खुर्ची माझी हाय पर ठराव त्यांचा हाय." मासिक सभेत प्रत्येक विषय सात विरुद्ध चार. सही सरपंचाची लागते, पण ठराव बहुमताचा. मग व्हायचं काय, तर तात्यांच्या बाजूनं दीड-दीड लाखाचे पेव्हिंग ब्लॉक मंजूर व्हायचे आणि त्याच्या बिलावर ताईंची सही. ताईंनी दोनदा सही अडवली तर बीडीओंकडं (गटविकास अधिकारी) तक्रार गेली की सरपंच विकासकामात अडथळा आणतात. बहुमत असलेल्या गटानं सरपंचाला 'अडथळा' म्हणायचं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या बाईनं पाच वर्षं जे सोसलं त्यावर वेगळं लिहायला पाहिजे. सभेत खुर्ची कुठं ठेवायची इथपर्यंत गोष्टी गेल्या होत्या, पण ते नंतर कधीतरी.

ताईंनीच रस्ता काढला. म्हणाल्या मासिक सभेत आपण हरतो, ग्रामसभेत माणसं आणा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आम्ही वस्तीवरनं सत्तर माणसं नेली, बायका जास्त. फरशीचा ठराव झाला, विरोध कुणी केला नाही, कसा करणार, पोरं वाहून जायची वेळ आली होती जुलैच्या पावसात. सर्वानुमते मंजूर. टाळ्या. मी घरी येऊन बायकोला म्हटलं झालं काम.

मग पाच-सहा महिने काहीच हालचाल नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागितलं काय, तर गेल्या दोन वर्षांत आमच्या गावातून वर गेलेले सगळे प्रस्ताव. तीस दिवस म्हणता म्हणता पस्तिसाव्या दिवशी फोन आला, पानाला दोन रुपये भरा. ४६ पानं, ९२ रुपये. आयुष्यात इतके कामाचे ९२ रुपये मी कधी खर्च केले नाहीत.

त्या ४६ पानांत कुठंही काही बेकायदा नव्हतं, हे आधी सांगतो, कारण मी तेच शोधायला बसलो होतो. ठराव होता. प्रोसिडिंगला व्यवस्थित लिहिलेला होता. फक्त वर पाठवताना जी प्राधान्य यादी केली त्यात सोळा कामं होती आणि आमची फरशी चौदावी. पहिल्या पाचात तीन ठिकाणी पेव्हिंग ब्लॉक, एक सभामंडप, एक स्वागत कमान. ग्रामसभेत कुठलं काम आधी कुठलं नंतर यावर चर्चा झालीच नव्हती, आम्ही टाळ्या वाजवून उठलो होतो. क्रम मागाहून मासिक सभेत लागला, सात विरुद्ध चार. आणि वर यादी गेली की पहिली दोन-तीन कामं बघतात, चौदावं कोण बघतंय.

अजून एक गोष्ट त्यात सापडली. आमच्या रस्त्याला नंबरच नव्हता. ग्रामीण मार्गाला क्रमांक लागतो, ग्रा.मा. अमुक, तो रस्ते आराखड्यात असला तरच ३०५४ मधून पैसे मिळू शकतात. आमचा रस्ता कागदावर नुसती पाणंद, शेतात जायची वाट. मग म्हटलं पाणंदीची योजना बघू. तर २०१८ ला पालकमंत्री पाणंद रस्ते योजना होती, २०२१ ला सरकार वेगळं म्हणून मातोश्री ग्रामसमृद्धी पाणंद रस्ते योजना आली, तिच्यात रोजगार हमीचा मेळ घालायचा, मजुरी ६० आणि साहित्य ४० चं प्रमाण सांभाळायचं, आणि फरशीसारख्या कामात सगळा खर्च साहित्याचाच. जमलं नाही. प्रत्येक सरकार योजनेचं बारसं घालतं, पाणंदीत चिखल तोच. जलयुक्त शिवारचं तेच झालं, एका सरकारनं आणलं, पुढच्यानं बंद केलं, त्यापुढच्यानं २.० म्हणून परत आणलं, आणि आमच्या शिवारातला एक बंधारा त्या मधल्या काळात अर्धाच राहिलाय तो राहिलाय.

इथं मी अण्णांचं ऐकलं. माणूस बघितला.

खालच्या आळीचा तालुक्याचा नेता तेव्हा सत्तेतल्या पक्षात होता. त्याच्याकडं थेट जाता येत नाही, मधे एक माणूस लागतो, तो आमच्या मावसभावाच्या सासुरवाडीचा निघाला. तीन वेळा बंगल्यावर गेलो. पहिल्यांदा साहेब मुंबईला. दुसऱ्यांदा भेटले, खांद्यावर हात ठेवला, "करू की" म्हणाले आणि पुढं गेले. तिसऱ्यांदा त्यांच्या पीएनं मला बाजूला घेऊन विचारलं, वस्तीवर मतं किती? मी म्हटलं एकशे ऐंशीच्या आसपास. तो म्हणाला एकशे त्र्याहत्तर. आणि मागच्या विधानसभेला त्यातली आम्हाला किती पडली तेही त्यानं सांगितलं. मी उडालोच.

हे मला तोवर कळलं नव्हतं. आमच्या गावात तीन बूथ आहेत, आणि आमची वस्ती आणि शेजारचे दोन मळे मिळून तिसरा. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे सगळ्यांनाच मिळतात, त्यात लपूनछपून काही नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजायच्या आधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या एकत्र मिसळायचे. मशीन आल्यावर प्रत्येक बूथचा आकडा वेगळा दिसतो. मत गुप्तच आहे हो, माझं एकट्याचं गुप्त. वस्तीचं मात्र उघडं. त्या पीएच्या फोनमधे तालुक्यातल्या प्रत्येक बूथचा तक्ता होता, हिरवा-पिवळा-लाल रंग दिलेला. आम्ही पिवळ्यात. पिवळ्याला काम मिळायची शक्यता सगळ्यात जास्त, असं तोच हसत हसत म्हणाला, हिरवं कुठं जात नाही आणि लाल येत नाही, मग पैसा घालायचा तर पिवळ्यात. माझ्या डेअरीच्या हिशेबापेक्षा त्याचा हिशेब चोख होता, मानलं.

पत्र मिळालं. मार्च २०२२ मधे पंचवीस पंधराच्या यादीत आमची फरशी आली. पंचवीस लाख. शासन निर्णयाच्या पीडीएफमधे गावाचं नाव, कामाचं नाव, रक्कम. मी ते पान वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, खालच्या आळीनं चौकात फ्लेक्स लावला, साहेबांचा फोटो मोठा, सरपंचताईंचा कोपऱ्यात पासपोर्ट साईजचा. प्रशासकीय मान्यता झाली, तांत्रिक मान्यतेला फाईल गेली, टेंडर निघायचं होतं.

तीस जूनला सरकार बदललं.

जुलैत नव्या सरकारनं आधीच्या सरकारनं मंजूर केलेल्या पण कार्यारंभ आदेश न निघालेल्या कामांना स्थगिती दिली. रागानं सांगत नाही, आधीच्या सरकारनंही २०१९ च्या शेवटी आल्याआल्या हेच केलं होतं, तेव्हा वरच्या आळीचा सभामंडप अडकला होता आणि आम्ही हसलो होतो. आता तात्या हसले. डेअरीत येऊन म्हणाले, "काय मग, फरशी वाहून गेली म्हणं परत?" मी त्यांच्या दुधाची फॅट बघत होतो. हात शिवशिवला, पण फॅट जेवढी होती तेवढीच लिहिली. ४.१.

त्या काळात आणखी एक दार बंद झालं होतं ज्याचा विचार फार कुणी करत नाही. मार्च २०२२ ला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, निवडणुका लांबल्या, आणि प्रशासक बसले. जिल्हा परिषद सदस्य नाही, सभापती नाही. आधी कसं, आमच्या मतदारसंघाचा सदस्य विरोधी पक्षाचा असला तरी त्याच्या दारात जाऊन शिव्या देता यायच्या, सभेत तो आरडाओरडा करायचा, सेसमधनं काहीतरी दोन-तीन लाख गळायचे. जिल्हा नियोजन समितीतही घटनेनुसार पाचातले चार सदस्य या निवडून आलेल्या संस्थांमधून यायला हवेत, त्याच संस्था रिकाम्या. राहिलं कोण, तर पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. मी जिल्हा परिषदेत गेलो तर बांधकाम विभागातले साहेब मला अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, तुमचं काम गरजेचं आहे, फोटो बघितले मी, पण यादी आमच्याकडनं होत नाही, यादी आमच्याकडं येते. पंचायत राज महाराष्ट्रात १ मे १९६२ ला सुरू झालं तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, जन्म सांगलीकडच्या देवराष्ट्र्यातला, कर्मभूमी साताऱ्याकडचं कराड, म्हणजे आमच्या शिवेच्या दोन्ही अंगांचा माणूस. त्यांच्याच मुलखात मिनी मंत्रालयाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या, व्हरांड्यात शिपायाशिवाय बोलायला कुणी नाही, असं बघायला लागलं. असो.

मधल्या वर्षात मी एक चूक केली. तात्यांकडं गेलो. म्हटलं आता तुमचं सरकार आहे, तुम्ही करा, फ्लेक्सवर तुमचा फोटो लावू. तात्या माणूस वाईट नाही, माझ्या लग्नात अक्षता वाटायला उभा होता. चहा पाजला आणि म्हणाले, "मी तुझं काम केलं तर माझी माणसं मला इचारतील, ती वस्ती आपल्याला मतं देत न्हाई, तिकडं पैसं कशापायी. मग मी काय सांगू?" मी म्हटलं सांगा पोरं शाळेत जातात. ते म्हणाले, "पोरं काय आमच्याकडं न्हाईत व्हय." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांच्या आळीची गटारं खरंच तुंबलेली होती. पैसा थोडा आणि सगळीकडं गरज खरी, अशा ठिकाणी मग कुणाचं आधी हे ठरवायला मतं ही एकच मोजपट्टी हातात राहते, त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मला छातीठोक सांगता येणार नाही. पण हे आमच्या वस्तीवर जाऊन सांगितलं तर मलाच वाळीत टाकतील. तात्यांकडं गेलो हे तर खालच्या आळीला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि चार महिने माझ्याशी कुणी सरळ बोलत नव्हतं.

जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, एक भाग सरकारात गेला, आणि जिल्ह्या-तालुक्यातली सगळी गणितं हलली. आमच्याकडं कोण कुठं गेला ते सांगणार नाही म्हटलंय, एवढंच सांगतो की काही महिन्यांत गावातले दोन्ही गट सत्तेच्या मांडवात आले. दोन्ही नेत्यांचे फोटो एकाच फ्लेक्सवर. चौकात उभं राहून माणसं ते बघत होती आणि कुणालाच समजत नव्हतं की हसायचं का रडायचं. गणपतीला आरतीचा मान कुणाला यावरनं तीस वर्षं भांडलेली माणसं, आता काय करायचं? पण आमच्या फाईलला पाय फुटले. ज्या पीएनं पिवळा रंग दाखवला होता त्याचाच फोन आला, म्हणाला स्थगिती उठलेल्यांच्या यादीत तुमचं नाव आहे, पण पंचवीसचे पंधरा लाख झालेत.

पंधरा लाखात स्लॅबची फरशी होत नाही. परत इस्टिमेट, परत नळ्या. अभियंता म्हणाला मोठ्या व्यासाच्या घालू, चालतंय. उरलेले दहा लाख कुठं गेले? कुठंही नाही गेले, वरच्या आळीच्या यादीत दहा लाखाचं काँक्रीट आलं. दोन्ही गट एका मांडवात म्हटल्यावर वाटणी आलीच. इथंही बेकायदा काही नाही.

मार्च २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात जे झालं ते कधी विसरणार नाही. लोकसभेची आचारसंहिता कुठल्याही दिवशी लागणार, तिच्याआधी कार्यारंभ आदेश निघाला पाहिजे. चार वर्षं न हललेला कागद एका आठवड्यात चार टेबलं फिरला. रात्री नऊ वाजता भाऊसाहेबांनी मला फोन करून रस्त्याकडच्या दीड गुंठ्याचं संमतीपत्र मागितलं, शेतमालक वरच्या आळीचा, दोन वर्षं नाही म्हणत होता, त्या रात्री अर्ध्या तासात सही. तात्यांचाच फोन गेला होता त्याला. आदेश निघाला. मग भूमिपूजन. सकाळी दहाला खालच्या आळीनं नारळ फोडला, साडेअकराला वरच्या आळीनं त्याच दगडावर दुसरा. सरपंचताईंना दोन्हीकडं बोलावणं आधी नव्हतंच, त्या स्वतःहून दोन्हीला गेल्या आणि दोन्हीकडं कुदळ मारली. दुसऱ्या नारळाचं खोबरं वस्तीच्या पोरांनी खाल्लं. १६ मार्चला आचारसंहिता लागली.

काम मे महिन्यात झालं. सात मेला मतदान, त्याच्या पंधरा दिवसांनी भराव. ठेकेदार चांगला होता बिचारा, नळ्या नीट बसवल्या, क्युरिंगला पाणी आम्ही आमच्या मोटारीनं दिलं. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल गेलं, आणि त्याचं बिल दिवाळीपर्यंत निघालं नव्हतं. डेअरीसमोर चहा पिताना म्हणाला, पैसा सगळा लाडक्या बहिणीकडं गेला. त्याची स्वतःची बायको, आई, दोघी लाभार्थी. त्यालाही हसू आलं ते बोलताना.

पावसाळा आला. फरशी टिकली. पाणी वरनं गेलं दोनदा, पण टिकली. शाळेची पोरं पायाने जातात आता, जोराचा पाऊस सोडून. फरशीपासून वस्तीपर्यंतचा नव्वद मीटरचा रस्ता मात्र मुरमाचाच राहिला, पंधरा लाखात तेवढंच बसलं. तो पुढच्या यादीत धरतो असं त्या पीएनं मला सांगितलं होतं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता कारण तोवर त्यानं सांगितलेलं प्रत्येक उशिरा का होईना झालं होतं.

फरशीला लावायचा बोर्ड तयार होऊन ग्रामपंचायतीत पडला होता. कुणाचं नाव वर यावरनं दोन गटांत ठरेना, मग ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बोर्डाला पेपर चिकटवून भिंतीकडं तोंड करून ठेवला.

२० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल. २६ ला सकाळी, दूध संकलन चालू असताना, फोन वाजला. पीए. निकालाबद्दल काही बोलला नाही, आवाज अगदी शांत. म्हणाला, "तुमच्या तीन नंबर बूथला आपल्याला एकेचाळीस मतं कमी पडली गेल्या वेळेपेक्षा. फरशी करून."

मी म्हटलं, साहेब, तिसऱ्या बूथमधे आमच्याशिवाय दोन मळे आहेत, त्यांच्याकडची पडली असतील.

तो म्हणाला, "असंल की." आणि ठेवला.

तो नव्वद मीटरचा तुकडा अजून मुरमाचाच आहे. परवा शेजारच्या मळ्यातला एकजण डेअरीत आला, त्यांच्याकडंही ओढ्याचंच दुखणं आहे, तुमचं कसं झालं, मला जरा कागद द्या म्हणाला. ४६ पानांची फाईल त्याला झेरॉक्स काढायला दिली. आणि जाता जाता विचारलं, तुमच्या मळ्यावर मतं किती?